कॅन्सर पेशींची लस आणि उंदीर : या चुका टाळा

निष्क्रिय केलेल्या कॅन्सर पेशी टोचायच्या, मग त्याच जिवंत पेशी देऊन ट्यूमर येतो का बघायचं. कागदावर सोपं दिसतं, म्हणून नवीन पोरं घाईनं सुरू करतात आणि पिंजराभर उंदीर फुकट जातात. बघवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशींची वाढ खरंच थांबली का हे न बघता टोचणं. ट्रायपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशींना निळं करणारा डाय) विसंबू नका, रेडिएशन दिलेल्या पेशी लगेच मरत नाहीत, फक्त त्यांचं विभाजन थांबतं, त्यामुळे डाय काहीच सांगत नाही. माझं स्वतःचं झालंय. कोल्हापुरात जुलैचा धो धो पाऊस, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर बी-१६ (उंदराच्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी) च्या ट्यूब घेऊन स्कूटरवरून एका हॉस्पिटलच्या रेडिएशन मशीनपर्यंत गेलो, तिथं पेशंटची रांग, त्या गडबडीत ट्यूब बीमच्या अगदी कडेला ठेवल्या गेल्या, आल्याआल्या लस उजव्या कुशीत टोचली. बाराव्या दिवशी चॅलेंजसाठी, म्हणजे जिवंत पेशी टोचण्यासाठी, डाव्या कुशीचे केस काढताना बोटाला उजवीकडं मसुराएवढं काहीतरी लागलं. तिथले केस काढले तर काळी गाठ. आठपैकी चार उंदरांना आमच्या लसीनंच मेलानोमा दिला होता! एथिक्स कमिटीकडं परत उंदीर मागायला जाताना पाय जड झाले होते.

तेव्हापासून ट्यूब बीमच्या मधोमध, आणि प्रत्येक बॅचमधल्या थोड्या पेशी फ्लास्कमध्ये दोन आठवडे ठेवून बघतो, एक जरी कॉलनी उगवली तरी बॅच बाद. रेडिएशनऐवजी मायटोमायसिन (विभाजन थांबवणारं औषध) वापरत असाल तर पेशी चार वेळा धुवा.

दुसरं, पेशींची आणि उंदराची जात जुळवा. बाल्ब-सी जातीच्या उंदराच्या सीटी-२६ या कॅन्सर पेशी स्विस या वेगळ्या जातीच्या उंदराला दिल्या तर लस न दिलेला उंदीरसुद्धा त्या परक्या म्हणून झिडकारू शकतो, आणि आपण शंभर टक्के संरक्षण म्हणून नाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे लोक यातच फसले. प्रेन आणि मेन या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये इनब्रेड (जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखे) उंदीर घेतले, वर त्वचेचं कलमही करून बघितलं, ट्यूमर नाकारणाऱ्या उंदरांनी तो ट्यूमर मुळात ज्या उंदराचा होता त्याची त्वचा मात्र स्वीकारली, तेव्हा कुठं गोष्ट पटली. एवढी मेहनत नको वाटत असेल तर हा प्रयोग करूच नका.

लस न दिलेला गट ठेवा, त्यात ट्यूमर आलाच पाहिजे. लस दिलेल्या उंदरांना त्याच जातीच्या उंदराचा वेगळा ट्यूमरही देऊन बघा, म्हणजे संरक्षण फक्त त्या एकाच ट्यूमरविरुद्ध आहे का ते कळतं. गाईच्या सीरममध्ये वाढवलेल्या पेशी नीट धुवा, नाहीतर प्रतिकार सीरमविरुद्धच तयार होतो. गुठळ्या झालेल्या पेशी टोचू नका. आणि चॅलेंजचा डोस दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, आपल्या पेशी, आपले उंदीर घेऊन आधी ठरवा, महिना गेला तरी चालेल.