लोणी येत नाही? शेजारणीवर संशय घेण्याआधी या चुका टाळा

जुन्या आयर्लंडमध्ये तासभर घुसळूनही लोणी आलं नाही, की कुणीतरी ते मंत्राने पळवलं असं धरून चालत. १ मे, म्हणजे बेल्टेन या उन्हाळा सुरू होण्याच्या जुन्या सणाची पहाट, ही या चोरीची खास वेळ. दुसऱ्याच्या कुरणातल्या दवावरून फडकं ओढलं किंवा विहिरीचं पहिलं पाणी काढून नेलं, की त्या घरचं वर्षाचं लोणी गेलं! त्या दिवशी दूध, मीठ, चुलीतला विस्तव काहीच बाहेर देत नसत.

खरा चोर बहुतेक वेळा तापमान असतो. साय फार गार असेल तर नुसता फेस येतो आणि ती फुगत राहते. फार गरम असेल तर लोणी लवकर येतं, पण मऊ आणि तेलकट, शिवाय बरंचसं ताकातच राहतं. थंडीत १५-१६ अंश सेल्सिअस ठीक, उन्हाळ्यात १२-१३. मे महिन्यात गाई ताज्या गवतावर जातात, दुधातली चरबी मऊ होते. तरीही हिवाळ्याच्या सवयीने साय गरम करत राहिलात तर बिघडणारच. चोरीपासून रक्षण म्हणून घुसळायच्या पिंपाखाली पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या, जळणाच्या मातीचा) निखारा ठेवायची रीत होती. गार साईला त्याची थोडी ऊब मिळत असेल, पण आज साईचं भांडं कोमट पाण्यात ठेवणं बरं. साईत उकळतं पाणी कधीच ओतू नका.

आयरिश घुसळण म्हणजे वर निमुळतं होत जाणारं उभं लाकडी पिंप. आपली रवी फिरते, इथे भोकांच्या चकतीचा दांडा वर-खाली करतात. पिंप अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, साईला फुगायला जागा लागते. आधी ते उकळत्या पाण्याने आणि मग गार पाण्याने धुवा, नाहीतर लोणी लाकडाला चिकटतं.

विण्याला बरेच महिने झालेल्या गाईची एकटी साय वापरली तरी रखडतं, कारण चरबीचे कण बारीक असतात. त्यात नुकत्याच व्यालेल्या गाईची साय मिसळा.

रक्षणाच्या वस्तूंचीही गल्लत होते. रोवन या लाल फळांच्या झाडाची डहाळी पिंपाला बाहेरून बांधायची, आत टाकायची नाही. नालही बाहेरच ठोकायचा. गंजलं लोखंड साईला लागलं तर लोण्याला धातूची चव येते आणि ते लवकर खवट होतं. घुसळताना घरात आलेल्या माणसाने कामाला देवाचा आशीर्वाद द्यायचा आणि दांड्याला हात लावायचा. हा नियम जरूर पाळा, दमलेल्या हाताला बदली मिळते. पेटता पाइप घेऊन मात्र तेव्हा कुणाला बाहेर जाऊ देत नसत.

दाणे गव्हाएवढे झाले की थांबा. आणखी घुसळलंत तर ताक लोण्यात अडकतं. ताक काढून पाणी निवळ येईपर्यंत गार पाण्याने धुवा, मग किलोला २० ग्रॅम मीठ घालून ओल्या लाकडी फळ्यांनी दाबा. तळहाताने मळू नका, लोणी वितळतं.