झेब्रा फिंचच्या रंगाचा हिशेब चुकतो कुठे? जोड्या लावताना या चुका टाळा

इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत बरीच वर्षं झेब्रा फिंच हे छोटे पाळीव पक्षी आहेत. नाशिकमध्ये नव्याने फिंच पाळू लागलेले मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "ग्रे (मूळचा करडा) आणि फॉनची (बदामी) जोडी लावली तर पिलं कुठल्या रंगाची होतील?" याचं उत्तर देता येत नाही, कारण नर कुठला आणि मादी कुठली हे प्रश्नात नसतंच. पहिली आणि सर्वात मोठी चूक हीच.

पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉन, म्हणजे बदामी रंगाचं जनुक झेडवर असतं आणि ते अप्रभावी आहे. मुलीला झेड मिळतं ते फक्त बापाकडून. मुलाला एक बापाकडून, एक आईकडून. म्हणून मादीला एकच फॉन झेड मिळालं तरी ती फॉन दिसते, नराला मात्र दोन्ही लागतात.

आता नर फॉन आणि मादी ग्रे घ्या. सगळ्या मुली फॉन होतील आणि सगळे मुलगे ग्रे दिसतील, पण आतून फॉनसाठी स्प्लिट असतील, म्हणजे जनुक आत, पण अंगावर दिसत नाही. याचा एक फायदा आहे. पिलू घरट्याच्या मडक्यातून बाहेर आलं की चोच काळी असतानाच तुम्हाला नर-मादी कळते, नराच्या गालावरचा केशरी ठिपका येईपर्यंत थांबावं लागत नाही. उलट जोडी लावली, नर शुद्ध ग्रे आणि मादी फॉन, तर पिलं झाडून सगळी ग्रे. त्यातले मुलगे स्प्लिट, मुलींमध्ये फॉनचा अंशही नाही. पुष्कळ जण इथे हिरमुसतात आणि ती पिलं विकून टाकतात. तसं करू नका. त्यातला एक मुलगा ठेवा, त्याला दुसऱ्या घरातली ग्रे मादी द्या. त्याच्या साधारण निम्म्या मुली फॉन निघतील.

यातूनच दुसरी गोष्ट निघते: "फॉनसाठी स्प्लिट मादी" असा पक्षी असूच शकत नाही. तिच्याकडे झेड एकच, त्यामुळे जे आत आहे ते अंगावर दिसतंच. असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. मी एकदा दिले आहेत, आणि त्या मादीची पिलं वर्षभर आशेने पाहिली आहेत.

पांढऱ्या रंगात वेगळीच गफलत होते. खरा पांढरा झेब्रा आणि सीएफडब्ल्यू, म्हणजे अंगाने पांढरट पण खुणा शिल्लक असलेला पक्षी, हे दोन्ही 'व्हाईट' म्हणूनच विकले जातात. सीएफडब्ल्यू फॉनसारखाच झेडवरून उतरतो. खरा पांढरा मात्र आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, त्यात नर-मादी असा फरक नाही. ओळखायचं कसं? सीएफडब्ल्यू नराच्या गालावर केशरी ठिपका असतोच, मादीच्या डोळ्याखाली अश्रूसारखी रेघ दिसते. खऱ्या पांढऱ्यावर यातलं काहीच नसतं, तिथे नर-मादी फक्त चोचीवरून कळते: नराची लालभडक, मादीची नारिंगी. शिवाय हा पांढरा रंग खालचं सगळं झाकतो. पांढऱ्या नराच्या मुली अचानक फॉन निघाल्या तर चकित होऊ नका, तो नर पांढऱ्याखाली फॉन बाळगून आहे.

"दोघं पांढऱ्यासाठी स्प्लिट, मग चारात एक पांढरं हवंच ना?" नाही. प्रत्येक अंड्याची संधी वेगळी असते. चार पिलांत एकही पांढरं नसण्याची शक्यता शंभरात जवळपास 32 आहे, आठ पिलांतही शंभरात 10. एका खेपेवरून जोडी मोडू नका. नर स्प्लिट आहे की नाही याची खात्रीच हवी असेल तर त्याला पांढरी मादी द्या. एक जरी पांढरं पिलू निघालं तरी तो स्प्लिट. ओळीने सहा पिलं रंगीत निघाली तर तो स्प्लिट असण्याची आशा सोडायला हरकत नाही. भाऊ-बहिणीची जोडी लावून पांढरा रंग काढण्याचा मार्ग मात्र धरू नका, पिढीगणिक पिलं कमजोर होत जातात.

तुऱ्याबद्दल मला सर्वात कळकळीने सांगायचं आहे. माझ्याकडे तुरेवाला नर आणि तुरेवाली मादी अशी जोडी होती. दर खेपेला एखादं-दुसरं अंडं भरलेलं असूनही फुटायचं नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून मी उन्हाला दोष दिला. गोणपाट लावलं, पाणी शिंपडलं. जानेवारीत निफाडकडची थंडी शहरात उतरली तेव्हाही तेच झालं, तेव्हा दोष थंडीवर गेला. दोष माझ्या जोडीत होता. तुऱ्याचं जनुक प्रभावी आहे आणि ते दोन्हीकडून मिळालं की पिलू अंड्यातच मरतं. अशा जोडीत सरासरी चारातलं एक अंडं जातं. तुरेवाल्याला नेहमी साध्या डोक्याचा जोडीदार द्या. निम्मी पिलं तुरेवाली मिळतात आणि कुठलंही पिलू तुऱ्यापायी मरत नाही. तुरेवाल्यांचं साध्या डोक्याचं पिलू 'तुऱ्यासाठी स्प्लिट' नसतं, हेही लक्षात असू द्या. तुरा असतो तेव्हा दिसतोच.

हे सगळे हिशेब आई-बाप कोण ते माहीत असेल तरच लागू पडतात. मोठ्या पिंजऱ्यात पाच-सहा जोड्या एकत्र सोडल्या की ते माहीत राहत नाही. जोडी बदलतानाही घाई नडते, कारण आधीच्या नराचं वीर्य मादीच्या शरीरात दहा-बारा दिवस टिकू शकतं. मी मादीला तीन आठवडे एकटी ठेवतो, मगच नवा नर देतो. पिलांच्या पायात कडी घाला आणि वहीत आई, बाप, तारीख लिहा.

एकत्र पिंजऱ्यात एक खूण कामाला येते. ग्रे मादीच्या मडक्यातून फॉन पिलू बाहेर आलं, पुढे त्याची चोच लाल झाली, गालावर केशरी ठिपका आला, म्हणजे तो नर आहे. फॉन नराला आईकडूनही फॉन झेड लागतं, आणि ग्रे मादीकडे ते नाही. ते अंडं तिचं नव्हतंच. शेजारची एखादी फॉन मादी तिच्या मडक्यात घालून गेली आहे.