उंची लोकर कशी निवडावी: कोकणातल्या हवेचा विचार करून

रत्नागिरी-मालवणात थंडी असते ती पहाटेपुरती. उन्हं वर आली की स्वेटर अंगावर नकोसा होतो. दापोली, आंबोलीकडे गारठा जास्त, पण तिथेही जाड लोकरीचा कोट रोज लागत नाही. म्हणजे महागाची लोकर इथे मुख्यतः दोन कामांसाठी घेतली जाते: पहाटेचा गारवा किंवा रात्रीचा प्रवास, आणि हिमाचल-काश्मीरची सहल. उरलेलं वर्ष ती कपाटात असते, आणि त्यातले चार महिने बाहेर धो धो पाऊस. म्हणून ऊब किती मिळेल याच्या जोडीला ती पावसाळ्यात टिकेल का, हेही खरेदीच्या वेळीच बघावं लागतं.

१. आधी मायक्रॉन विचारा

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अंगाला टोचतात ते साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू. सरासरी २२ लिहिलेल्या लोकरीतही असे थोडे तंतू सापडतात, म्हणून थेट कातडीवर घालायचा कपडा सरासरी १९.५ किंवा त्याहून बारीक असावा. शर्टावरून घालायचा असेल तर २२-२३ चालतो, तिथे जास्त पैसे मोजायची गरज नाही.

२. कामाप्रमाणे लोकर ठरवा

एकच कपडा घ्यायचा असेल तर मेरिनो घ्या. मेरिनो ही मेंढीचीच लोकर, पण बारीक आणि नैसर्गिक कुरळेपणा असलेली. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प शोषते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. पहाटे गार आणि तासाभरात घाम, अशा आपल्या हवेत हा गुण सगळ्यात उपयोगी आहे. घामाचा वासही तिला लवकर धरत नाही. १५० ते २०० जीएसएमचा पातळ, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट कोकणात नुसता चालतो, आणि मनालीत तोच जाड स्वेटरच्या आत जातो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. २५० च्या पुढचं कापड फक्त सहलीसाठी.

पश्मिना ही लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांची आतली लव. वसंतात ती विंचरून काढतात. तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉनचा. काश्मीरमध्ये हाताने कातून-विणून केलेल्या पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वजनाच्या मानाने ऊब विलक्षण, पण तंतू आखूड असल्याने घासलं की गोळे येतात. म्हणून पश्मिना शाल म्हणूनच घ्यावी: संध्याकाळच्या लग्नाला, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात. पाठीवरच्या सॅकखाली ती घातली तर पट्ट्यांच्या जागी एका सहलीतच खराब होते. कॅशमियरचा, म्हणजे शेळीच्या अशाच लवेचा, स्वेटर घ्यायचाच असेल तर दुपदरी धाग्याचा आणि घट्ट विणीचा बघा. हाताला फार भुसभुशीत लागणारा स्वेटर दुकानात मोहात पाडतो, पण गोळे त्यालाच आधी येतात.

अल्पाका म्हणजे पेरू देशाकडच्या त्याच नावाच्या प्राण्याचा तंतू. त्याच्या बऱ्याच तंतूंच्या गाभ्यात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो फार ऊबदार, पण कुरळेपणा कमी म्हणून जड स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो. ‘बेबी अल्पाका’ हे तंतूच्या बारीकपणाचं नाव आहे, पिल्लाचं नव्हे. कोकणात तो सोसवत नाही. बर्फात जाणार असाल तरच घ्या. मोहेर शेळीच्या केसांचा, चमकदार आणि टिकाऊ, पण अंगालगत नको. अंगोरा सशाचा, केस गळतात, आणि घामट मानेशी घासून त्याचा नमदा होतो, म्हणजे केस गुंतून घट्ट थर बसतो. आपल्याकडे तो टाळावा.

कोणी ‘शहातूश’ दाखवली तर सरळ नाही म्हणा. ती चिरू या तिबेटी हरणाला मारूनच मिळते, आणि तिचा व्यापार भारतात बेकायदा आहे.

३. दुकानात तपासा

लेबलवर तंतूचं नाव आणि टक्केवारी दोन्ही हवीत. ‘पश्मिना टच’, ‘वूल ब्लेंड’ असल्या शब्दांना अर्थ नाही. स्वेटरची कड ओढून सोडा, ती लगेच जागेवर आली पाहिजे. उजेडासमोर धरा, विरळ ठिपके दिसले तर वीण सैल आहे. अंगठीतून शाल काढून दाखवतात त्यावर विसंबू नका, पातळ व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) तितक्याच सहज निघतो. काठाचा सुटा धागा जाळून बघू दिला तर उत्तम: लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखा जळतो. हाताने कातलेली पूर्ण पश्मिना शाल हजार-दोन हजारांत मिळत नाही.

४. धुणं

रोजची कपड्यांची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते, आणि बऱ्याच पावडरींतली प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स लोकरीलाही खातात. कोमट पाणी, सुमारे ३० अंश, आणि रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा लोकरीचा द्रव साबण. चोळायचं नाही, पिळायचं नाही. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो, तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत आडवा पसरा. दोरीवर टांगला तर लांबतो.

५. शिमग्याच्या आत बांधून ठेवा

बाकीची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, मे महिन्यात होते, लोकरीची मात्र शिमग्यापर्यंत उरकावी. मेमध्ये हवेत दमटपणा आलेला असतो. त्या वेळी बंद केलेली लोकर ते बाष्प सोबत घेऊनच डब्यात जाते आणि जुलैत कुबट वास येतो. क्रम असा:

कपडा धुऊन पूर्ण वाळवा. कसरीच्या अळ्यांना घामाचे आणि तेलाचे डाग आवडतात, न धुतलेल्या कपड्याला त्या आधी लागतात.

कसरीची अंडी-अळ्या मराव्यात म्हणून कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे ठेवा. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका गार होत नाही. मध्येच बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवा, लगेच उघडली तर कपड्यावर दव धरतं.

मग रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. डबा भिंतीला टेकवू नका, पावसात भिंत पाझरते. डांबराच्या गोळ्यांचा वास पश्मिन्यातून महिनोन्महिने जात नाही आणि ती वाफ श्वासालाही चांगली नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण सुकलेला, आणि एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

पावसात डबा उघडू नका. दसऱ्यानंतरच्या कोरड्या दुपारी कपडे झटकून सावलीत पसरा. बारीक भोक किंवा रेशमासारखं जाळं दिसलं तर तो कपडा लगेच वेगळा काढून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा, आणि त्याच डब्यातले बाकीचे कपडेही, त्यांवर काही दिसत नसलं तरी.