हवाईत शिकायला आलात तर कालोच्या चिखलात कसं उतरायचं

मानोआला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ हवाईच्या मानोआ कॅम्पसला, अ‍ॅडमिशन मिळालेली मुलं मला रूम, बस पास, इंडियन ग्रोसरी असलं सगळं विचारतात, त्याची उत्तरं कोणीही देईल, पण मी प्रत्येकाला एक गोष्ट आपणहून सांगते की पहिल्याच सेमिस्टरला एक शनिवार मोकळा ठेवा आणि कॅम्पसवरच्या कालोच्या शेतात कामाला जा. वायकीकीच्या किनाऱ्यावर हुला नाच बघून, गळ्यात लेई म्हणजे फुलांची माळ घालून फोटो काढून इथल्या संस्कृतीशी काही नातं जुळत नाही हो, ते जुळतं हातपाय चिखलात गेले की. इथे त्याला मालामा आइना म्हणतात, जमिनीची काळजी घेणं, आणि हे कोणा एका एनजीओचं घोषवाक्य नाहीये, इथल्या मूळ लोकांचं जगणंच त्याच्यावर उभं आहे.

कालो म्हणजे आपलं अळूच बरं का, तीच वनस्पती. आपण जास्त करून पानं खातो, हे लोक मुख्यतः खालचा कांदा खातात, उकडून, दगडी बत्त्याने लाकडी पाटावर कुटून त्याची पोई करतात. पण जायच्या आधी हालोआची गोष्ट माहीत हवीच. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं बाळ मृत जन्मलं, त्याला घराजवळ पुरलं, तिथून कालो उगवला, आणि नंतर जो दुसरा मुलगा झाला त्याला त्याच भावाचं हालोआ हे नाव दिलं आणि त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे कालो हा थोरला भाऊ, धाकट्याने त्याची सेवा करायची आणि थोरल्याने धाकट्याला पोसायचं. हे डोक्यात असलं की मग तिथे कोणी रोप आपटलं किंवा फेकलं तर तिथल्या आंटी, म्हणजे वडीलधाऱ्या बायका, एवढ्या का चिडतात ते कळतं.

याच युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये कालोच्या तीन संकरित जातींवर पेटंट घेतलं होतं. शेतकरी आणि विद्यार्थी म्हणाले, थोरल्या भावाची मालकी कोण कशी घेणार? आंदोलन झालं आणि २००६ मध्ये युनिव्हर्सिटीला ती पेटंटं सोडून द्यावी लागली. हळदीच्या पेटंटविरुद्ध माशेलकरांनी दिलेला लढा आपल्याला माहीत असतो, तर हाही माहीत असू द्या, कारण तुम्ही त्याच युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी म्हणून त्या चिखलात उभे राहणार आहात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. डोल स्ट्रीटवर हवाईयन स्टडीजची इमारत आहे, तिच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी का पापा लोई ओ कानेवाई आहे. लोई म्हणजे कालोचं खाचर. १९८० मध्ये विद्यार्थ्यांनाच इथला जुना पाट झाडाझुडपांत सापडला, त्यांनी तो मोकळा केला आणि शेत पुन्हा उभं राहिलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी कोणालाही कामाला येता येतं, तरी तारीख एकदा कन्फर्म करून जा, आणि ग्रुपने जाणार असाल तर आधी कळवा. फी वगैरे काही नाही.

कपडे असे घाला की जे परत पांढरे झाले नाहीत तरी चालेल. पायात काही नको, स्लिपर बांधावर काढून ठेवायच्या. टोपी, पाण्याची बाटली, टॉवेल, बदलायचे कपडे. आणि हे नीट वाचा, पायाला किंवा हाताला उघडी जखम असेल तर चिखलात उतरूच नका, तसं स्पष्ट सांगा, ते तुम्हाला बांधावरचं काम देतील. हवाईच्या गोड्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो, कोकणातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. नंतर एक-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला आपण लोईत काम केलं होतं हे आवर्जून सांगा.

आत शिरताना घाई करू नका. बरेचदा आधी ओली म्हणजे स्तोत्रासारखं काहीतरी म्हणतात, आत यायची परवानगी मागायची ती पद्धत आहे, तुम्हाला येत नसेल तर गप्प उभं राहून ऐका, मोबाईल खिशात. मग गोल करून सगळे ओळख करून देतात. इथे मेजर कुठला, जीपीए किती याला काही अर्थ नसतो, नाव, गाव, तुमच्याकडचा डोंगर कुठला आणि नदी कुठली ते सांगा. कृष्णाकाठचे असाल तर कृष्णा म्हणा, पंचगंगा म्हणा. मला हे फार आवडतं कारण कुठल्या पाण्यावर वाढलात हे इथे खरंच विचारतात. मोठ्यांना अंकल, आंटी म्हणायचं, आपल्यासारखंच, नावाने हाक मारू नका.

पाण्यात उतरलात की लक्षात येईल, ते थंड आहे आणि वाहतंय. मुद्दाम तसं ठेवतात, पाणी साचलं आणि तापलं की कांदा सडतो. मानोआ ओढ्यातून आउवाइ म्हणजे पाट काढलाय, एका खाचरातून दुसऱ्यात असं करत पाणी शेवटी परत ओढ्याला मिळतं, खालच्यांचा वाटा कोणी अडवायचा नाही. उसाच्या मळेवाल्यांनी हेच मोडलं, बोगदे आणि कालवे खणून पाणी डोंगरापलीकडे वळवलं आणि कित्येक खोऱ्यांतले कालो सुकले, ओआहू बेटावरच्या (मानोआ ज्या बेटावर आहे तेच) वायाहोले खोऱ्याच्या पाण्याची केस तर हवाईच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००० साली कोर्टाने पाणी ही सगळ्यांची ठेव आहे असं ठासून सांगितलं. म्हणून तिथे कोणी तुम्हाला पाटातला पालापाचोळा काढायला लावला तर ते हलकं काम समजू नका, सगळ्या शेताचा जीव त्याच्यावर आहे.

गुडघाभर गाळात चालताना पाय सरळ वर ओढायचा नाही, टाच आधी सोडवायची, मग बोटं. बांधाच्या कडेवर जोर देऊन चढू नका, कडा ढासळते. पहिल्या दिवशी बहुधा तण उपटायचं काम मिळतं, काय उपटायचं ते विचारून मगच हात घाला. गुलाबी अंड्यांचे घोस दिसले तर ती अ‍ॅपल स्नेलची, म्हणजे बाहेरून आलेल्या गोगलगाईची, कालोचं फार नुकसान करते, दिसली की सांगा.

नशीब चांगलं असेल तर काढणी बघायला मिळेल. झाडाभोवती हात घालून मुळं सैल करायची, हलवत हलवत कांदा वर घ्यायचा. मग चाकूने कांद्याचा वरचा पातळ काप ठेवून देठ तोडतात, पानं काढून टाकतात, उरतं ते वीतभर-दीड वीत देठाचं हुली. तेच परत लावायचं, मुठीने चिखलात भोक करून, सरळ उभं राहील एवढंच खोल. म्हणजे आज लावलेलं रोप म्हणजे मागच्याच झाडाचं पुढचं आयुष्य, असं किती शतकं चाललंय कोण जाणे. एकेकाळी तीनशेच्या आसपास जाती होत्या असं सांगतात, आता शंभरही उरलेल्या नाहीत, त्यामुळे कुठली जात कुठे लावली हे लिहिलेल्या पाट्या हलवू नका. कच्चा कालो चुकूनही तोंडात घालू नका, अळूची खाज आपल्याला ठाऊकच आहे.

काम झालं की अवजारं धुऊन जागेवर ठेवायची, मग जेवण. पोई आंबटसर लागते, पहिल्या घासाला नाक मुरडू नका. आणि पोईचं भांडं उघडं असताना भांडण, कुरबुर, कोणाची निंदा करायची नाही अशी रीत आहे, हालोआ समोर बसलाय असं मानतात.

काही शब्द वापरताना जपा. हवाईयन हे इथल्या मूळ वंशाच्या लोकांनाच म्हणतात, इथे राहणारा कोणीही हवाईयन होत नाही, तुम्ही पाच वर्षं राहिलात तरी नाही. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीचं राज्य उलथवलं, १८९६ मध्ये शाळेतून त्यांची भाषा काढली, ती परत राजभाषा व्हायला १९७८ उजाडलं. हे ऐकून घ्या, त्यावर लगेच इंग्रजांनी आपल्याला काय केलं ते सुरू करू नका, त्याची वेळ नंतर येते आणि येतेच. ग्रॅज्युएशनला असाल तर हवाईयन स्टडीज १०७ घ्या.

एकदा गोडी लागली की हेएइयाचं मत्स्यतळं बघा, कानेओहेच्या बाजूला, ८८ एकरांचं, दगडी भिंतीचं, सुमारे आठशे वर्षं जुनं. तिथेही शनिवारी कामाला माणसं घेतात, खारफुटी तोडायची, दगड हातोहात पोचवायचे. कोकणातल्यांना खारफुटी तोडणं ऐकून धक्का बसेल, पण इथे ती बाहेरून आणलेली आहे आणि भिंती फोडते. तरी माझं मत असं की दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी परत परत जा, तुमचं नाव त्यांना पाठ होऊ दे. आणि डोंगरात कामाला गेलात तर बूट आधी ब्रशने घासून ७० टक्के रबिंग अल्कोहोल मारा, परत आल्यावरही, ओहिआ नावाची इथली मूळ झाडं मारणारी बुरशी २०१४ मध्ये बिग आयलंड या बेटावर ओळखली गेली आणि ती मातीबरोबर बुटातून पसरते. अल्कोहोल कुठल्याही फार्मसीत मिळतं, बाटली बॅगेतच ठेवा.