रबरावर उडणाऱ्या जुन्या बाल्सा किटमध्ये मोटर आणि रेडिओ बसवताना

माझ्या मामांच्या शाहूपुरीतल्या घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याचा एक पिवळट खोका अनेक वर्षे पडून होता. त्यात पायपर कब विमानाचे २८ इंच पंखविस्ताराचे, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे किट होते: भाग छापलेले लाकडाचे पातळ पत्रे, बारीक काड्या, घड्यांवर फाटायला आलेला नकाशा, टिश्यू कागदाची गुंडाळी आणि एकमेकांना चिकटून गेलेले रबर. अमेरिकेतल्या गिलोज, कॉमेट किंवा इंग्लंडमधल्या कील क्राफ्ट या कंपन्यांची अशी किटे आजही घरोघरच्या माळ्यांवर सापडतात. ती रबराला पीळ देऊन मोकळी सोडण्यासाठी आखलेली असतात, म्हणजे विमान एकदा हातातून सुटले की त्यावर कोणाचाही ताबा राहत नाही. त्यात मोटर, बॅटरी आणि रेडिओ घालायचा असेल, तर सांध्याला पहिला थेंब लावण्याआधीच प्रत्येक वस्तू कुठे बसणार आणि किती ग्रॅमची असणार, हे कागदावर मांडून घ्यावे. धड चिकटवून, कागद चढवून झाल्यावर बॅटरीला जागा शोधणारा माणूस हमखास काहीतरी कापून ठेवतो.

म्हणून या कामातले पहिले हत्यार म्हणजे कटर नव्हे, वजनकाटा. कोल्हापूरच्या गुजरीत सराफांकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा आणि काम संपेपर्यंत तो टेबलावरून हलवू नये. मूळ कबचा पंखविस्तार ३५ फूट ३ इंच, तेव्हा २८ इंची प्रतिकृती साधारण एकास पंधरा या प्रमाणाची होते आणि तिच्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ७.३ चौरस डेसिमीटर भरते. बॅटरीसकट विमान १३० ग्रॅममध्ये बसले, तर दर चौरस डेसिमीटरवर १८ ग्रॅमच्या आत भार येतो आणि विमान चालत्या सायकलच्या सुमाराने, निवांत उडते. तेच १८० ग्रॅमवर गेले, तर ते वेगात ठेवावे लागते आणि उतरताना लाकूड मोडते.

या १३० ग्रॅमची वाटणी मी अशी करतो. मोटर १० ते १५ ग्रॅमची, ब्रशलेस, सुमारे २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला दोन हजार फेरे). तिच्यावर सहा इंच व्यासाचा, तीन इंच पिचचा (एका फेऱ्यात हिशेबाने तीन इंच पुढे सरकणारा) पंखा. दोन सेलची ३०० एमएएचची लायपो बॅटरी, सुमारे २० ग्रॅम. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा सहा ते दहा अँपिअरचा ईएससी. शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे चार-साडेचार ग्रॅमचे दोन सर्वो, आणि रेडिओचा सिग्नल घेणारा एक हलका रिसीव्हर. तारांसकट हे सगळे ६० ग्रॅमच्या आसपास जाते आणि लाकूड, कागद, चाके यांना ७० ग्रॅम उरतात. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, घालण्याचा मोह टाळावा. या किटच्या पंखांना टोकाकडे चढत जाणारा कोन, म्हणजे डायहेड्रल, मुळातच दिलेला असतो. त्यामुळे रडर (शेपटीचा उभा हलता भाग), एलेव्हेटर (तिचा आडवा हलता भाग) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढ्यावर विमान छान वळते, आणि एका सर्वोचे वजनही वाचते.

आता लाकडाकडे वळू. नकाशाची आधी झेरॉक्स काढावी आणि मूळ कागद जपून ठेवावा, मात्र झेरॉक्सवरच्या पंखाची लांबी पट्टीने मोजून पाहावी, कारण मशीन एखादा टक्का कमी-जास्त करते आणि मग रिब, म्हणजे पंखाच्या आतल्या बरगड्या, जागेवर बसत नाहीत. जुने छापील भाग बोटाने दाबून काढू नयेत. साच्याचा दाब बोथट असेल तर लाकूड चिरडते. नवे ब्लेड लावून, रेषेच्या किंचित बाहेरून कापावे आणि नंतर पॉलिश पेपरने रेषेपर्यंत आणावे. पत्रा बदलावा लागला तर विकत घेताना वजन करूनच घ्यावा. एक सोळांश इंच जाडीचा, तीन इंच रुंद आणि तीन फूट लांब पत्रा ११ ते १८ ग्रॅम भरला तर उत्तम. २७ ग्रॅम भरला तर तो या विमानात फक्त मोटरच्या मागच्या भागात शोभतो, शेपटीत मुळीच नाही.

शेपटीबद्दल मी थोडे सविस्तर सांगतो, कारण माझे पहिले विमान तिथेच फसले. कबचे नाक आखूड आणि शेपूट लांब. समतोलाच्या बिंदूपासून शेपूट नाकाच्या जवळजवळ तिप्पट अंतरावर असते. मी शेपटीला जाड काड्या वापरल्या, सांध्यांवर सढळ हाताने फेविकॉल लावला, वर पिवळ्या रंगाचे दोन हात दिले, आणि काट्यावर शेपूट हवे त्यापेक्षा नऊ ग्रॅम जास्त भरले. ते तोलून धरायला नाकात सत्तावीस ग्रॅम शिसे घालावे लागले. एवढ्या वजनात दुसरी बॅटरी आली असती. तेव्हापासून मी शेपटीसाठी खोक्यातल्या सर्वांत हलक्या काड्या निवडून वेगळ्या ठेवतो आणि तिथे रंग लावत नाही. रंगीत टिश्यूच वापरतो.

बांधणीसाठी सपाट सॉफ्टबोर्डावर नकाशा पसरावा, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे आणि काड्या टाचण्यांच्या मध्ये धराव्यात. टाचणी काडीच्या आरपार खुपसू नये, दोन्ही बाजूंनी टेकवून अडकवावी. धडाची एक बाजू पूर्ण झाली की ती तशीच राहू द्यावी आणि तिच्यावर प्लॅस्टिक घालून दुसरी बाजू नेमकी तिच्यावरच उभारावी, म्हणजे दोन्ही बाजू जुळ्या होतात आणि धड केळ्यासारखे वाकत नाही. सांध्याला फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावावा आणि ओघळ ओल्या बोटाने लगेच पुसावा. फेविक्विक पटकन धरते, पण फट भरत नाही आणि वाळल्यावर असा कठीण दाणा सोडते की पॉलिश पेपर फिरवताना शेजारचे मऊ लाकूडच झिजते. म्हणून ते मी फक्त दुरुस्तीला आणि मोटरजवळच्या सांध्यांना वापरतो.

मूळ आराखड्यात बदल करायचे ते याच टप्प्यावर. रबर अडकवण्याची मागची खुंटी आणि तिचे जाड तुकडे गाळून टाकावेत. नाकात दीड मिलिमीटर प्लायवूडची भिंत उभी करून ती खाली अडीच अंश आणि वैमानिकाच्या उजवीकडे दोन अंश झुकवावी, नाहीतर थ्रॉटल वाढवताच विमान नाक वर करून डावीकडे ओढते. मोटर आणि भिंत यांच्यात अंतर ठेवण्यासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या छोट्या नळ्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी मला काही मिनिटांत काढून दिल्या. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठाच फायदा आहे. बॅटरीसाठी नाकाच्या पोटात झाकण ठेवावे आणि ते छोट्या चुंबकाने धरावे. सर्वो पंखाखाली, शक्य तितके पुढे बसवावेत, आणि तिथून शेपटीपर्यंत एक मिलिमीटरची कार्बन काडी न्यावी. जुन्या किटमध्ये रडर आणि एलेव्हेटर स्थिर असतात, म्हणून बिजागरीच्या रेषेवर एकाऐवजी दोन उभ्या काड्या घालून त्यांचे स्वतंत्र भाग करावे लागतात.

कागद चढवायचे काम पावसाळ्यात करू नये, हे मी कळकळीने सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की टिश्यू संध्याकाळी ताणलेला आणि सकाळी सैल दिसतो, आणि त्यावर दिलेला लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी योग्य. टिश्यूचे तंतू पंखाच्या लांबीला समांतर ठेवावेत, कडा पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवाव्यात आणि मग इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो त्या स्प्रेने अगदी धुक्याइतके पाणी मारावे. पंख लगेच बोर्डावर टाचून ठेवावा आणि रात्रभर हलवू नये. टाचताना दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली अडीच मिलिमीटरची पट्टी सरकवावी. त्यामुळे टोके किंचित पिळलेली राहतात आणि वेग कमी झाला तरी विमान एका पंखावर कोसळत नाही. पतंगाचा कागद स्वस्त मिळतो, पण पाणी लागताच त्याचा रंग सुटतो. कागद वाळल्यावर निम्मे थिनर घातलेल्या एनसी लॅकरचे दोन पातळ हात पुरतात. त्यात एरंडेलाचे चार थेंब मिसळावेत, म्हणजे थर लवचिक राहतो आणि पुढे महिनोन्महिने आकसत जाऊन पंख पिळवटत नाही. हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून दूर करावे.

विजेची जोडणी करताना पंखा काढूनच ठेवावा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. रेडिओचा सिग्नल तुटला की मोटर बंद पडेल, असे फेलसेफ लावून ट्रान्समीटर बंद करून खात्री करावी. एलेव्हेटरला वर-खाली आठ मिलिमीटर आणि रडरला पंधरा मिलिमीटर हालचाल सुरुवातीला पुरते. बॅटरी ०.३ अँपिअरवर, नजरेसमोर चार्ज करावी; ती पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट दाखवते. वापरायची नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवावी.

समतोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २८ टक्क्यांवर, म्हणजे या कबमध्ये सुमारे ३० मिलिमीटरवर, घ्यावा. जुन्या नकाशावर तो बहुधा याहून मागे दाखवलेला असतो. मोकळ्या उडणाऱ्या विमानाला तो चालतो, रेडिओच्या विमानाला तो फार हळवा ठरतो. बॅटरी पुढे-मागे सरकवूनच समतोल साधावा, शिसे अगदी शेवटी.

उडवण्याची जागा आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावी. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंतच मोकळीक असते. आपला विमानतळ उजळाईवाडीत असल्यामुळे शहराचा बराच भाग या हिशेबात सापडतो, म्हणून पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला जाणे सोयीचे. ऊस तुटून मोकळी झालेली शेते मालकाला विचारून वापरावीत. सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. एखाद्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर सरळ वर जात असेल, तर वारा पडलेला आहे असे समजावे. धूर आडवा झाला की खोका बंद करून घरी यावे.

आधी मोटर बंद ठेवून, उंच गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला विमान सपाट आणि हलकेच सोडून पाहावे. नाक वर करून थबकत असेल तर बॅटरी दोन मिलिमीटर पुढे, डोके खाली घालत असेल तर मागे घ्यावी. दहा-बारा पावलांपर्यंत सरळ तरंगत गेले की दोन-तृतीयांश थ्रॉटल देऊन सोडावे आणि पुरेशी उंची मिळेपर्यंत एलेव्हेटरला हात लावू नये. पहिले उड्डाण चार मिनिटांतच उतरवावे. शेजारी उभा ऊस असेल तर विमान त्यात पडताच थ्रॉटल शून्यावर आणावा आणि ज्या दिशेला ते दिसेनासे झाले तिकडची एखादी खूण, झाड किंवा विजेचा खांब, पक्की धरून सरळ रेषेत चालत जावे. सोबत असलेल्याने जागेवरून न हलता हाताने दिशा दाखवत राहावे. विमान सापडले की तिथेच आधी बॅटरीची तार काढावी आणि उसाची पाती फाटल्या टिश्यूत अडकलेली असतील तर ती ओढून काढू नयेत, कापून सोडवावीत.