विंडोज 'शट डाउन' केलं तरी ते झोपलेलंच असतं

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) ठेवलंय, आणि उबुंटूतून डी ड्राइव्ह उघडायला गेलं की 'विंडोज इज हायबरनेटेड' असं काहीतरी येतं? किंवा ड्राइव्ह उघडतो, पण फाइल सेव्हच होत नाही? डिस्क बिघडली म्हणून घाबरू नका.

भानगड आहे 'फास्ट स्टार्टअप'ची. विंडोज ८ पासून, म्हणजे 2012 पासून, शट डाउन करताना विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून झोपी जातं आणि ड्राइव्ह अर्धवट धरून ठेवतं. अशा ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. बरोबरच करतं. असा ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायचे, म्हणजे जोडून उघडायचे, उपाय नेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका.

विंडोजमध्ये जा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. खालचे चौकोन फिकट दिसतील. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की जागे होतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा, सेव्ह करा, एकदा शट डाउन करा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवतही नाही.

आत्ता घाईत असाल तर विंडोजमधून नुसतं 'रीस्टार्ट' करून उबुंटूत या. रीस्टार्टला ही झोप लागू नाही.

आणि हो, घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर ते दुखणं वेगळं: लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तिलाच आपली समजतं.