तिसरा हिरवा दिवा लागंना? मग ह्या चुका करू नका

एप्रिलची दुपार, छोटं विमान घेऊन चिकलठाणा विमानतळाच्या सर्किटमध्ये (उतरायच्या आधीच्या फेरीत) होतो, खाली सगळं भट्टीसारखं तापलेलं, गिअर म्हणजे चाकं खाली केली तर हिरवे दिवे दोनच; चाक खाली येऊन लॉक झालं की त्याचा एक, असे तीन लागायला पाहिजेत. डाव्या चाकाचा लागंना. मी आपलं गिअरचं लिव्हर वर-खाली, वर-खाली करायला लागलो, तर शेजारून सर ओरडले, "अरे हात काढ तिथून, आधी गो-अराउंड कर," म्हणजे न उतरता परत वर जा. वर जाऊन निवांत झाल्यावर त्यांनी नोजव्हीलचा (पुढच्या चाकाचा) बल्ब काढून डाव्या दिव्यात बसवला, लगेच लागला. बल्बच गेलता.

म्हणून लिव्हरशी खेळू नका, खाली येऊन लॉक झालेलं चाक उगं वर घेतलं आन् परत आलंच नाही तर? आणि दिव्याच्या नादात विमान उडवायचं विसरू नका. १९७२ ला फ्लोरिडात ईस्टर्न एअर लाइन्सच्या मोठ्या ट्रायस्टार जेटचे पायलट नोजगिअरच्या एका बल्बमध्ये गुंतले, ऑटोपायलटनं उंची सोडलेली कळलीच नाही, शंभराच्या वर माणसं गेली. छोट्या विमानात तर तुम्ही एकटेच असता.

पायपर ॲरो ह्या छोट्या विमानवाल्यांची एक खास गंमत, बऱ्याच ॲरोत पॅनल लाइट चालू असली की गिअरचे दिवे मंद होतेत, मग आपल्याकडच्या उन्हात ते दिसतच नाहीत आणि माणूस घाबरून इमर्जन्सी डिक्लेअर करतो. आधी तो स्विच बघा.

गिअरचा सर्किट ब्रेकर (जादा करंटला उडणारं बटण) उडला असंल तर एकदाच दाबा, परत उडला तर सोडून द्या.

मग इमर्जन्सी एक्स्टेन्शन, म्हणजे चाकं खाली काढायचा आणीबाणीचा मार्ग, पण स्पीड विमानाच्या पुस्तकात दिलाय तेवढा कमी करूनच. ॲरोत हायड्रॉलिक प्रेशर सोडलं की चाकं वजनानं पडतेत, सेसना आरजीत (आत जाणाऱ्या चाकांच्या सेसनात) हातपंप मारायचा, बोनान्झा विमानात सीटमागचा हँडल साधारण ५० वेळा उलटा फिरवायचा, आणि इथं लोक गिअर मोटरचा ब्रेकर काढायचा विसरतेत. मधेच मोटर चालू झाली तर हँडल गरागरा फिरतो, मनगट जायचं.

टॉवरवरून लो पास मारून (अगदी खालून उडत जाऊन) विचारलं तर चाक खाली दिसतंय एवढंच ते सांगतेत, लॉक झालंय का नाही हे खालून कुणालाच कळत नाही.

शेवटी पोटावर उतरायची वेळ आलीच तर प्रॉपेलर वाचवायला हवेतच इंजिन बंद करायची हुशारी नको, विमान इन्शुरन्सवाल्याचं समजा. टेकायच्या आधी दार थोडं उघडून ठेवा, नाहीतर अडकतं, आणि रनवे हमखास हातात आल्यावरच फ्युएल अन् मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करा.